एक आडवी रेघ



आधी तुम्हाला एक काम सांगते. आज घरी गेलात की फ्रीझर उघडा. मटारची पिशवी असेलच. ती कानाजवळ धरून हलवा. आतले दाणे सुटे सुटे वाजले, खडखड आवाज आला, तर समजा की कारखान्यातून निघाल्यापासून तुमच्या घरापर्यंत त्या मटाराची सगळ्यांनी नीट काळजी घेतली. आवाज आला नाही, हाताला एकच ढेकूळ लागलं, तर वाटेत कुठेतरी तो वितळला आणि पुन्हा गोठला. कुठे, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पण कुणाला तरी ते माहीत असतं.

आज मी तुम्हाला ज्या रात्रीची गोष्ट सांगणार आहे, त्या रात्री ते माहीत असणारी माणूस मी होते.

मी जबलपूरची. माझी मराठी ऐकून तुमच्यातले काही जण गालात हसतील, ते चालेल. मराठ्यांच्या राजवटीपासून आमच्याकडे मराठी घरं आहेत. गोलबाजारात दत्तमंदिर आहे, गणपती बसतो, आणि घरातलं भांडण मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. माझे बाबा रेल्वेत, मालगोदामात होते. ७ मार्च १८७० ला मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी रेल्वे आमच्या जबलपूरला जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग सुरू झाला. बाबा ही तारीख असे सांगत, जणू त्या दिवशी फलाटावर ते स्वतः उभे होते.

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटरवर. आमच्याकडे नर्मदा आहे, भेडाघाट आहे, धुवांधार धबधबा आहे. जहाज नाही. तरी मी गेली अनेक वर्षं जहाजाने माल पाठवते. त्याचं कारण हिरवं आहे आणि गोल आहे.

पाटण, शहपुरा या आमच्या भागात डिसेंबर ते फेब्रुवारी जिकडे बघाल तिकडे मटार असतो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावापुढे मटारच आहे. हंगामात मंडीबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. आणि मटाराची अडचण अशी, की शेंग तोडली त्या क्षणापासून त्यातली गोडी कमी व्हायला लागते. साखरेचा स्टार्च होतो. सकाळी तोडलेला दाणा आणि दुसऱ्या संध्याकाळचा दाणा खाऊन बघा, मी काय म्हणते ते जिभेला कळेल.

म्हणून कारखान्यात सगळी घाई. शेंगा आल्या की यंत्रावर सोलायच्या, दाणे धुवायचे, नव्वद-पंच्याण्णव अंशांच्या गरम पाण्यातून मिनिट-दीड मिनिट काढायचे, म्हणजे रंग आणि चव बिघडवणारी आतली रसायनं थांबतात. लगेच गार पाण्यात. मग एका जाळीच्या पट्ट्यावर. खालून उणे तीस-पस्तीस अंशांची हवा इतक्या जोरात येते, की दाणे पट्ट्यावर टेकतच नाहीत, उकळल्यासारखे उड्या मारतात. प्रत्येक दाणा वेगळा गोठतो. तो खडखड आवाज तिथे तयार होतो. पुढे आमचं काम एवढंच, की तो आवाज गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत पोचवायचा.

आता कंटेनर. रस्त्यावर तुम्ही पांढरे लांब डबे बघितले असतील, एका टोकाला पंखा आणि यंत्र असलेले. त्याला रीफर म्हणतात. चाळीस फुटी डब्यात आमचा चोवीस टनांच्या आसपास मटार मावतो. जहाजावर, बंदरात त्याला विजेचा प्लग असतो. रस्त्यावर डिझेलचा जनरेटर लावावा लागतो.

या धंद्यात आले तेव्हा माझी समजूत होती की रीफर म्हणजे मोठा फ्रीज. वस्तू ठेवायची, गार होईल. तसं नाही. रीफर गार करत नाही. तुम्ही जेवढी गार वस्तू दिलीत तेवढी ती गार राखतो. कोमट माल भरलात तर चोवीस टन गोठवण्याची त्या यंत्राची ताकद नाही. उणे अठराचा माल उणे अठरावर ठेवणं, बाहेरून भिंतीतून शिरणारी उष्णता काढून टाकणं, एवढंच त्याचं काम. थंडी कारखान्यात तयार होते. कंटेनर फक्त ती सांभाळतो.

आणि हे तो करतो हवेने. डब्याची जमीन सपाट नसते, तिच्यावर लांब पन्हळी असतात. यंत्रातून निघालेली हवा त्या पन्हळींतून खालून दारापर्यंत जाते, वर चढते, छताखालून परत येते. म्हणून आत वरच्या बाजूला लाल रेघ असते, तिच्यावर खोकी रचायची नाहीत. हवेचा रस्ता अडला की मशीन कितीही चांगलं असो, माल गेला.

ही हवेची गोष्ट जगाला एका कप्तानाने जीव धोक्यात घालून शिकवली. १५ फेब्रुवारी १८८२ ला न्यूझीलंडहून ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज लंडनला निघालं. पोटात सुमारे पाच हजार गोठवलेल्या मेंढ्या आणि कोकरं, आणि गार करायला वाफेवर चालणारं यंत्र. विषुववृत्ताच्या उकाड्यात कप्तान व्हिटसनच्या लक्षात आलं की गार हवा सगळीकडे पोचत नाही. तो स्वतः हवेच्या नळीत सरपटत शिरला आणि करवतीने जास्तीची भोकं पाडू लागला. आत तो गारठून बेशुद्ध पडण्याच्या बेताला आला. खलाशांनी दोरी बांधून त्याला बाहेर ओढला. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला पोचलं, तेव्हा एवढ्या मालात एकच मेंढी खराब निघाली.

ही गोष्ट मी आमच्या नव्या मुलांना दर हंगामात सांगते. तो कप्तान मालाबरोबर होता. त्याला शंका आली आणि तो आत शिरला. आपण मालाबरोबर नसतो. आपण जबलपूरला असतो आणि माल भर समुद्रात. आपल्या जागी मालाबरोबर फक्त एक गोष्ट जाते, आपण लिहिलेला कागद.

आता त्या रात्रीची गोष्ट.

दहा वर्षं होत आली. फेब्रुवारी महिना. तोवर मी कारखान्यात गुणवत्तेचं काम बघत होते. त्या वर्षी मालकांनी निर्यातीचे कागदही माझ्याकडे दिले. पहिली ऑर्डर दुबईच्या जेबेल अली बंदराची. बाबा खूश. आमच्या गावाचं नाव जाबाली ऋषींवरून आलं असं सांगतात, आणि काही जण म्हणतात की अरबीतल्या ‘जबल’वरून, म्हणजे डोंगरावरून. बाबा म्हणाले, “जबलपूरहून जबल अलीला! डोंगरावरून डोंगरावर. तुझा मटार वाट चुकणार नाही.”

मी बुकिंगचा फॉर्म भरला. वस्तू, वजन, बंदर, तापमान. तापमानाच्या रकान्यात मी लिहिलं, १८.

काही जणांच्या लक्षात आलं. हो. उणे नाही लिहिलं.

का नाही लिहिलं, ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या कारखान्यात ‘उणे’ कुणी म्हणतच नाही. “अठरा पे रखो.” “गोदाम सोळा दिखा रहा है, अठरा करो.” दिवसभर हेच. तिथे शून्याच्या वर काही ठेवतच नाहीत, मग उणे कशाला म्हणायचं? जे सगळ्यांनाच माहीत असतं ते कुणी बोलत नाही. आणि जे आपण बोलत नाही ते लिहायचंही राहून जातं.

पण कंटेनरवाल्याच्या यादीत मी एकटी नव्हते. त्याच्याकडे हापूस पाठवणारा असतो, त्याला बारा-तेरा अंश लागतात. त्याच्या खाली गेलात तर साल काळी पडते. सोलापूर-जळगावचं केळं असतं, त्याला तेरा-चौदा. नाशिकचं द्राक्ष शून्याच्या आसपास. मग कुणाला अठरा हवं असेल, त्याला काय? त्याने अठरा लावून रिकामा डबा पाठवून दिला.

माल भरताना यंत्र बंद ठेवतात, नाहीतर दारातून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. संध्याकाळी भराई संपली, दार बंद झालं, सील लागलं. जनरेटर सुरू केला. पडद्यावर आकडा आला, उणे चौदा. भरताना थोडं तापमान चढतंच. आम्ही सगळ्यांनी ‘उणे’ बघितलं आणि समाधान पावलो. तो आतल्या हवेचा आकडा होता. यंत्राला काय करायला सांगितलंय तो आकडा वेगळा असतो, बटण दाबून बघावा लागतो. तो मी बघितला नाही. मी नारळ फोडला. फोटो काढला.

रात्री आठला गाडी निघाली. तेव्हा समृद्धी महामार्ग नव्हता. सिवनीच्या पुढे पेंचच्या जंगलातला रस्ता अर्धवट, खड्ड्यांचा. आणि आत, ते यंत्र अगदी प्रामाणिकपणे आपलं काम करत होतं. रीफरमध्ये गरम करायचीही सोय असते, कारण थंड देशात फळं गोठू नयेत म्हणून ऊब द्यावी लागते. त्याला सांगितलं होतं अठरा. आत होतं उणे चौदा. तो बिचारा माझा मटार गरम करत होता.

पहाटे पाचला फोन. गाडी खवासाला, महाराष्ट्राच्या सीमेवर, एका ढाब्यापाशी थांबली होती. ड्रायव्हर म्हणाला, “दीदी, डिब्बे से पानी गिर रहा है.”

मी म्हटलं, “थोडा तो गिरता है, भैया.”

तो म्हणाला, “थोडा नहीं है. मैं पंद्रह साल से यही डिब्बे चला रहा हूँ.”

मी त्याला पडद्यासमोर उभं केलं आणि एकेक बटण सांगितलं. त्याने वाचलं, “अठरा.” मी विचारलं, “आगे डंडी है क्या? छोटी सी, आड़ी?” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “नहीं दीदी. कोई डंडी नहीं है.”

शाळेत गणिताच्या बाईंनी त्या आडव्या रेघेसाठी माझा अर्धा गुण कापला होता. इथे ती चोवीस टनांची होती.

मी फोनवरच सेटिंग बदलून घेतलं. वीस मिनिटांत त्याचा पुन्हा फोन, “दीदी, अब ठंडी हवा फेंक रहा है.” मी मालकांना फोन केला, सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, “अब तो ठीक है ना बेटा? बंबई पहुँचते-पहुँचते फिर जम जाएगा. जाने दो.”

मी त्यांना वाईट म्हणत नाही. कारखान्यावर कर्ज होतं. शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे होते. आणि ते म्हणत होते ते खरंही होतं. नाव्हाशेवापर्यंत माल पुन्हा गोठला असता. कागदावर उणे अठरा असतं. दार उघडलं की समोरची वरची खोकी उत्तम दिसली असती. कारण गरम हवा खालून जाते, बिघाड झाला तो तळाच्या थरांत. उतरवून तळ गाठेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं, आणि कळलं तरी बोट कुठे दाखवणार? ट्रकवाला आहे, बंदर आहे, जहाज आहे. या साखळीत इतके हात असतात, की प्रत्येकाला दुसऱ्याचा हात दाखवता येतो.

मी खरंच विचार केला. अर्धा तास मी ‘जाने दो’ म्हणायच्या बाजूने होते. तुम्हाला खोटं नाही सांगणार.

बाबा चहा घेऊन आले. त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उपदेशही नाही केला. आपल्या गोदामाबद्दलच बोलले. “आमच्याकडे चढवताना सगळे वजन लिहायचे,” ते म्हणाले. “पण मालाचं खरं वजन उतरवताना कळतं. आणि उतरवणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. त्याच्या हातात फक्त तुमची पावती असते.”

मी मालकांना परत फोन लावला. म्हटलं, “ग़लती मेरी है. मेरी तनख़्वाह से काट लीजिए. लेकिन गाड़ी वापस बुलाइए.”

ते म्हणाले, “तेरी तनख़्वाह से? बीस साल लगेंगे.” आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन, “दीदी, मालिक बोले वापस आओ. आप बताओ, आऊँ?”

संध्याकाळी गोदामासमोर डबा उघडला. वरचे थर खरोखर चांगले होते. तळाची दोन थरं काढली. मी एक पिशवी मालकांच्या हातात दिली आणि म्हटलं, “हिलाइए.” त्यांनी हलवली. आवाज आला नाही. त्यांनी दुसरी घेतली. तिसरी घेतली. मग काही न बोलता ते स्वतःच खोकी वेगळी करायला लागले.

चांगला माल नव्याने तपासून नंतरच्या गाडीने गेला. तळाचा वेगळा काढला आणि गुरांच्या खाद्यात गेला. नुकसान झालं. माझ्या पगारातून कापलं नाही, पण त्या वर्षी पगारवाढही झाली नाही, आणि मी विचारलीही नाही. दुबईच्या व्यापाऱ्याला मी पत्रात सगळं लिहिलं, चूक कुणाची तेही. उत्तर दोन ओळींचं आलं: नवी तारीख कळवा, आणि यापुढे प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा. शाबासकी नाही. दरही वाढवून दिला नाही. पण पुढच्या वर्षी ऑर्डर आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

त्या दिवसापासून आमच्याकडे तीन नियम आहेत. कुणी या धंद्यात येणार असाल तर लिहून घ्या.

एक, तापमान आकड्यात लिहायचं आणि शब्दांतही: ‘उणे अठरा अंश सेल्सियस’. रेघ पुसली जाते, छापताना उडते, शब्द उडत नाही.

दोन, दार बंद झाल्यावर पडद्यावरचे दोन्ही आकडे बघायचे. आत किती आहे, आणि यंत्राला काय सांगितलंय. दोन वेगवेगळ्या माणसांनी बघायचे.

तीन, डब्याबाबत ड्रायव्हरला काही विचित्र वाटलं तर तो कुणालाही, कितीही वाजता फोन करू शकतो, आणि त्याला “थोडा तो गिरता है” असं उत्तर द्यायचं नाही. ते वाक्य माझं होतं, म्हणून नियम मीच केला.

आता थोडं आजचं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा ते चौदा दिवस जास्त. आमच्या मटाराला त्याचं फारसं काही नाही. गोठलेला दाणा झोपलेला असतो. नाशिकच्या द्राक्षाचं तसं नाही. फळ तोडलं तरी श्वास घेत असतं, डब्यातही. त्याला वाढलेला एकेक दिवस मोजून भरावा लागतो. २०२४ च्या हंगामात ज्यांनी तोडणीनंतर लगेच मणी गार केले होते, खोक्यांतून हवा जाईल अशी रचना केली होती, त्यांना आशा ठेवायला जागा होती. कारण वाट किती लांब होईल हे तुमच्या हातात नाही. आपल्या दारातून माल निघाला तेव्हा तो कसा होता, एवढंच हातात आहे.

परवा माझी भाची न्यू जर्सीहून बोलत होती. तिथल्या भारतीय दुकानात फ्रीझरमध्ये मटार, पराठे, उकडीचे मोदकसुद्धा मिळतात. ती म्हणाली, “मावशी, गणपतीला मोदक फ्रोझन आणले, पण एकमेकांना चिकटून गोळा झाला होता.” मी विचारलं, “मग?” म्हणाली, “मग काय, वाफवून नैवेद्य दाखवला. पण टाकूनच दिले नंतर. देवाला चालले असतील, मला नाही चालले.”

मी तिला म्हटलं, बरोबर केलंस. पण मनात आलं ते वेगळंच. कुठल्यातरी गावात कुणीतरी त्या मोदकांना हाताने कळ्या पाडल्या असतील. आणि वाटेत कुठेतरी, पहाटे पाचला, एक फोन वाजला असेल. किंवा वाजायला हवा होता.

तेव्हा घरी गेल्यावर ती पिशवी हलवून बघा. आवाज आला, तर समजा की तुम्हाला न ओळखणाऱ्या बऱ्याच माणसांनी आपापली रेघ नीट ओढली होती.